कढणातली मोहरी

सांगली,
आषाढ वद्य द्वादशी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. डावीकडच्या खालच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात, बसवून घेण्याचे तू अखेर मनावर घेतलेस आणि येत्या शनिवारची वेळही ठरली, हे वाचून बरे वाटले. शस्त्रक्रियेची भीती वाटते असे तू कुठेही लिहिलेले नाहीस. ‘पण मग खायचे काय?’ हा प्रश्न मात्र तीन ठिकाणी विचारला आहेस, त्यावरून पत्र तूच लिहिले आहेस याची खात्री पटली. गेल्या वर्षी मी याच वाटेने गेलो असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. औषधे आणि टाके यांबाबत तुझे डॉक्टर सांगतील तेच प्रमाण मानावेस. माझे बोलणे स्वयंपाकघरापुरते आहे.

शनिवारी डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितले नसेल, तर घरून व्यवस्थित जेवूनच नीघ, कारण खालच्या जबड्याला दिलेली भूल उतरायला तीन-चार तास सहज लागतात आणि तोवर ओठ व जीभ बधिर असल्याने जीभ चावली गेली किंवा चहाने भाजली तरी पत्ता लागत नाही. भूल उतरल्यावर गार किंवा कोमट, न चावता गिळता येईल असेच घ्यायचे : ताक, गाळलेले वरण, शहाळ्याचे पाणी. मात्र ते भांड्याला तोंड लावून प्यायचे, स्ट्रॉने ओढायचे नाही. जखमेवर जमलेली रक्ताची गुठळी हेच तिचे पहिले झाकण असते आणि ओढण्याच्या जोराने ते निघू शकते. याच कारणासाठी पहिले चोवीस तास जोराने थुंकणे आणि गुळण्या करणेही टाळावे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, त्याही हलक्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, तेव्हा आरशात पाहून घाबरू नकोस.

आता माझी चूक सांगतो. मऊ म्हणजे पातळ आणि पातळ म्हणजे पेज, अशी समजूत करून घेऊन मी पहिला आठवडा तांदळाच्या पेजेवर आणि गुरगुट्या भातावर काढला. मेतकूट आणि तूप असल्याने जिभेची तक्रार नव्हती, पण दहा दिवसांत वजन तीन किलोंनी उतरले आणि जिना चढताना पाय लटपटू लागले. जखम भरून यायला प्रथिने लागतात, आणि ती आपल्या वयाला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम तरी हवीत. म्हणजे तुझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसाला सत्तर ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढीच, त्यामुळे नुसत्या पेजेने हा हिशेब कधीच जुळत नाही. मुगाचे घट्ट कढण, मऊ पिठले, दही, कुस्करलेले पनीर, अगदी ओलसर ठेवलेली अंड्याची भुर्जी, असे काही ना काही प्रत्येक जेवणात असू दे. तुला तर साखरेचा विकार आहे. मऊ म्हणून शिकरण, शिरा आणि खीर यांकडे वळलास, तर रक्तातली साखर वर जाईल आणि वाढलेल्या साखरेत जखम रेंगाळते.

दुधाविषयी एक गोष्ट विचारून घे. डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके दुधातल्या कॅल्शियमशी बांधली जातात आणि मग शरीरात नीट शोषली जात नाहीत. सगळ्याच गोळ्यांचे तसे नसते, म्हणून आपल्या गोळीचे कसे आहे ते औषध लिहून देतानाच विचारावे. वेदनाशामक गोळी मात्र रिकाम्या पोटी घेऊ नकोस.

पाचव्या दिवशी सौ.ने मुगाचे कढण केले आणि इतके दिवस बेचव खाल्ले म्हणून वरून छान फोडणी दिली. मी दोन वाट्या प्यायलो. संध्याकाळपासून टाक्यापाशी काहीतरी ठुसठुसू लागले, रात्रभर जीभ तिथेच जात राहिली, आणि सकाळी डॉक्टरांनी बारीक चिमट्याने टाक्याच्या दोऱ्याखालून एक वस्तू काढून पांढऱ्या कापसावर ठेवली. ती मोहरी होती. काळी, सबंध, फोडणीत न तडतडलेली आणि माझ्या हिरडीत राहून थोडी फुगलेली. डॉक्टर हसले, मला मात्र हसताही येत नव्हते. त्या दिवसापासून आमच्याकडे फोडणी चहाच्या गाळण्यातून ओतली जाऊ लागली : तुपाला जिऱ्याचा वास राहतो, जिरे राहत नाही. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, मोहरी, तीळ, खसखस, दाण्याचे कूट आणि तिखट यांना घरातल्या घरात वनवास द्यावा. कोशिंबिरीतल्या हिरव्या मिरचीचा तुकडाही खाऊ नये.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तुझे टाके असतानाच श्रावण लागतो आणि तुझा सोमवार चुकत नाही. उपवासाचे आपले बहुतेक पदार्थ नेमके टाक्यांच्या वाईटावर आहेत. साबुदाण्याची खिचडी चिकटते आणि तिच्यात कूट असते, भगरीचे दाणे फटीत जातात, राजगिऱ्याच्या लाडवाविषयी तर बोलायलाच नको. त्यात गोळ्या चालू असताना आणि साखर असताना उपाशी राहणे मला मुळीच पटत नाही. पहिला सोमवार सोडून दे, महादेव समजून घेईल. अगदीच मन मानत नसेल, तर उकडून कुस्करलेले थोडे रताळे, दही आणि शिंगाड्याच्या पिठाची ताकातली पातळ पेज यांवर भागव.

टाके निघाले की सुटलो असे वाटते, आणि खरी जपणूक तिथूनच सुरू होते. पहिले काही दिवस टायटॅनियमचा तो स्क्रू केवळ आपल्या आट्यांच्या पकडीवर हाडात उभा असतो. पुढे शरीर त्याच्याभोवतीचे जुने हाड विरघळवून नवे घालू लागते, आणि नवे हाड अजून कच्चे असल्याने तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पकड सर्वांत कमजोर असते. पंचाईत अशी की तोवर दुखणे पूर्ण थांबलेले असते. मला चौथ्या आठवड्यात काहीही त्रास नव्हता, आणि सांगलीत राहून समोर भडंग असताना हात आवरणे किती कठीण असते ते तुला ठाऊक आहे. मी बशी पुढे ओढली आणि सौ.ने ती काढून घेतली. त्यावर आमचे दोन दिवस बोलणे नव्हते. आज वाटते, तिचेच बरोबर होते. धातू आणि हाड असे एकजीव होतात हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशांच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे परत काढता येईनात तेव्हा दिसले, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तेही हाड धरेपर्यंत काही महिने त्यांवर भार येऊ देत नसत. आज काही ठिकाणी दात लवकर बसवतात, पण तुला स्क्रूवरची दाताची कॅप तीन महिन्यांनी सांगितली आहे, म्हणजे ते तीन महिने डावी बाजू सुट्टीवर आहे असे समज.

उजव्या बाजूने मात्र दुसऱ्या आठवड्यापासून बरेच काही जमते. चपातीचा वरणात केलेला काला, ताकातला पालक, दुधी, इडली सांबारात बुडवून, आणि भाकरी हवीच असेल तर पापुद्रा काढून आतला मऊ भाग कढणात भिजवून. चकली, ऊस, सुके खोबरे आणि फुटाणे यांचे नाव काढू नकोस. आणि सुपारी! तुझा अडकित्ता वहिनींच्या ताब्यात दे. तुझ्या पानात तंबाखू असतो हे त्यांना ठाऊक नाही असे तू समजतोस, पण स्क्रू निकामी करण्यात तंबाखू सुपारीपेक्षाही पुढे आहे, तेव्हा डॉक्टरांपाशी तरी खरे बोल.

चिरंजीव गुरुवारी कामानिमित्त नाशिकला येतो आहे, त्याच्याबरोबर दोन किलो नाचणीचे पीठ पाठवतो; दोनदा वस्त्रगाळ केले आहे. वहिनींना सांग, दोन चमचे पीठ रात्री ताकात भिजवायचे, सकाळी पाण्यात शिजवून पूर्ण गार करायचे, मग आणखी ताक आणि मीठ घालायचे. लसूण आणि जिरे घालायचेच असेल तर अगदी बारीक वाटून, आणि तेही टाके निघाल्यावर. शनिवारी रात्री फोन करू नकोस, त्या दिवशी बोलू नये. रविवारी दुपारपर्यंत काय काय पोटात गेले तेवढे कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद