तडे मोजता तसे हप्ते पण मोजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सरकारी घरकुलांच्या भिंतींना वर्षभरात तडे गेले अशी फोटोसकट मोठी बातमी आली आणि तिच्या शेजारी तुमचं ज्ञान, की गावोगावचे गवंडी अप्रशिक्षित, काम अर्धवट सोडून पळतात वगैरे. वाचलं. आमच्याकडं तुमचा पेपर दुपारच्या एसटीनं येतो, म्हणून राग पण जरा लेटच आला. मी दारव्हा तालुक्यातला मिस्त्री, बापापासून हेच काम. फोटोतलं घर माझ्या हातचं नाही, पण ते "पळतात" माझ्या डोक्यातून जाईना.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्याच एका म्हातारीचं घरकुल धरलं होतं. जमीन काळी, कापसाची. असल्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत न्यावाच लागतो, कारण पावसात ती फुगते न उन्हाळ्यात अशी भेगाळते की आख्खा हात आत जातो, वरचं बांधकाम मग कितीही चांगलं करा. मुरूम लागायला आमच्याकडं सहा-सात फूट. आणि पहिला हप्ता किती, तर 15 हजार. त्यात खोदकाम, गिट्टी, लोहा, सिमेंट न आमची रोजी, बसवा हिशोब. तरी बाईनं कानातलं गहाण टाकलं, आम्ही मुरमापर्यंत गेलो, प्लिंथ वर काढला. पुढं जिओ टॅगिंगच्या, म्हणजे मोबाईलवरून जागेच्या खुणेसकट चढवायच्या फोटोवर गाडं अडलं. घरकुलाचे साहेब आले तर नेट नाही, नेट आहे तर साहेब मीटिंगला, न फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. म्हातारी रोज सकाळी म्हणे, "मिस्त्री, दोन दिस थांबा न बाप्पा, आज-उद्या पैसे पडतेच." दोन दिवस करता करता महिना गेला. माझ्याबरोबर दोन रेजा, म्हणजे मजूर बाया, न एक पोरगा, त्यांची चूल कोण पेटवणार? पोरगा हैदराबादला निघून गेला, मी यवतमाळला एका बिल्डिंगच्या कामावर लागलो. पळालो म्हणा की काय म्हणायचं ते म्हणा. मागाहून हप्ता पडला, बाईनं दुसऱ्या टोळीला गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं काम दिलं, त्यांना पाऊस यायच्या आत स्लॅब टाकून पुढचं गाव गाठायचं होतं, आणि जिथं प्यायचं पाणीच टँकरनं येते तिथं सिमेंटाला पाणी मारून तराई कोण करते? आता भिंतीला तडा आहे न म्हातारी दिसली की मलाच बोलते. तिचं चूक नाही, माझं पण नाही.

तुम्ही वर लिहिता की मजुरांना कामाची हमी दिली तर घरं महागतील न गरिबाला परवडणार नाहीत. साहेब, केंद्राच्या योजनेचे 1 लाख 20 हजार 2016 पासून तेवढेच्या तेवढेच आहेत. 2025 मध्ये राज्यानं 50 हजार वर टाकले ते बरं केलं, पण 5 ब्रास फुकट रेती जी सांगितली ती आमच्या म्हातारीला ट्रॅक्टरवाल्याकडून विकतच घ्यावी लागली. घर तरी केवढं, 269 चौरस फूट. रोहयोतून 90 दिवसांची मजुरी मिळते ती अकुशल कामाची, म्हणजे ज्याच्या हातावर भिंत उभी राहते तो मिस्त्री त्यात बसतच नाही. मग महाग कोणापायी होते? हप्ता वेळेवर पडला असता तर सुरू केलेल्यानंच काम उरकलं असतं न तडा गेला असता तर माझी कॉलर धरता आली असती. आता कोणाची धरता?

प्रशिक्षणाचं म्हणाल तर 45 दिवसांचं ग्रामीण गवंडी प्रशिक्षण सरकारचं आहेच, मी केलं, सर्टिफिकेट पेटीत आहे. त्यानं काळी माती फुगायची थांबत नाही.

आता बांधकाम कामगारांना लाभ देणाऱ्या सरकारी कामगार मंडळाचं. नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ग्रामसेवक म्हणतात ज्याच्याकडं काम केलं त्याचा सही-शिक्का आणा. घरकुलवाल्या म्हातारीकडं शिक्का कुठून येईन, अंगठा आहे तिच्याकडं! कामगार ऑफिसबाहेरच्या झेरॉक्सवाल्या पोरानं मला कायदा दाखवला, 1996 चा. स्वतःला राहायला बांधलेलं 10 लाखाच्या आतलं घर त्यात बांधकामातच धरत नव्हते, न 2020 च्या नव्या संहितेत तर ती मर्यादा 50 लाखावर नेली. आमच्या तालुक्यात 50 लाखाचं घर कोण बांधते ते मला दाखवा, मी उद्याच थापी घेऊन येतो. आणि ज्यांनी जन्मात ओळंबा धरला नाही अशांच्या घरी मंडळाच्या भांड्यांचा संच पोचला, पंचाच्या पुतण्याच्या लग्नात त्याच भांड्यात वाढलं, मी जेवलो आहे. त्याच्यावर बातमी कधी?

पत्र छापलं तर भांड्यांचा भाग कापू नका. मागं बस थांब्याबद्दल लिहिलं होतं तेव्हा आमदाराचं नाव असलेली तेवढीच ओळ गायब झाली होती.

आपला,
एक मिस्त्री
ता. दारव्हा, जि. यवतमाळ