मेणबत्ती घेऊन वर्गात जा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं. सहावी-सातवीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायचंय, तर सुरुवात अणूपासून करू की मूलद्रव्यांच्या संज्ञांपासून, असं विचारलंस. दोन्ही नकोत. पहिल्या दिवशी मेणबत्ती आणि काडेपेटी घेऊन वर्गात जा.

मेणबत्ती दोन-तीन मिनिटं नीट जळू दे. मग विचार, जळतंय काय? अख्खा वर्ग ओरडेल, "वात!" वाद घालू नकोस. हलकेच फुंकर मारून ज्योत विझव. वातीतून पांढरट धुराची रेघ वर चढेल. पेटती काडी त्या रेघेत धर, वातीला न टेकवता, बोटभर वर. ज्योत रेघेवरून खाली उडी मारते आणि वात पेटते! तो धूर म्हणजे हवेत गार होऊन बारीक कण झालेली मेणाची वाफ. जळते ती वाफ. वात नुसतं वितळलेलं मेण वर ओढून देते. (खिडक्या लावून घे, झुळकेने रेघ मोडते. आणि काडी तूच धर.)

हे झाल्यावरच मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट काढ. लोहाराचा मुलगा, जेमतेम शाळा, पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता विज्ञानाच्या नादी लागला. १८१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती स्वतः बांधून डेव्हीलाच पाठवली आणि १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. तिथेच उतारवयात, १८६०च्या नाताळात, त्याने मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली.

आता माझी फजिती ऐक. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं. मी वर्षानुवर्षं सांगत आलो, ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन, बघा, पाणीही तेवढंच चढलं. मलाही असंच शिकवलं होतं. एका मुलीने विचारलं, "सर, तीन मेणबत्त्या ठेवल्या तर?" ठेवल्या. पाणी बरंच जास्त चढलं. ग्लास तोच, मग ऑक्सिजन वाढला कुठून? मी फळा पुसण्यात वेळ काढला.

घरी दहा वेळा करून पाहिलं तेव्हा दिसलं. ग्लास टेकवताना काठाखालून बुडबुडे सुटतात, म्हणजे तापून फुगलेली हवा बाहेर पडते. ज्योत विझली की आत उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत रेटतो. पाणी झपकन चढतं तेही विझल्यावरच. शिवाय ऑक्सिजन पुरता संपण्याआधीच ज्योत विझते. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, मी चुकीचं शिकवलं होतं. इतकी शांतता मी परीक्षेच्या वेळीही पाहिली नव्हती.

तेव्हापासून शास्त्रज्ञही त्यांच्या चुकांसकट सांगतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीने १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं तांबडं भस्म तापवलं. निघालेल्या वायूत मेणबत्ती भसकन उजळली. ऑक्सिजन हातात आला होता, पण जळताना पदार्थातून 'फ्लॉजिस्टन' नावाचं एक द्रव्य बाहेर पडतं ही समजूत काही त्याने १८०४ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. ती मोडली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएच्या तराजूने. 'ऑक्सिजन' हे नाव त्याचंच. अर्थ, आम्ल करणारा. आम्ल म्हटलं की त्यात ऑक्सिजन असणारच, असं त्याला वाटे. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसतो हे दाखवलं कोणी, तर फॅरडेच्या त्याच डेव्हीने. चूक कळली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आपला 'प्राणवायू' त्या मानाने बरा.

मेरी क्युरीची घाई करू नकोस. दोन नोबेलं म्हटली की मुलं मनोमन हात जोडतात आणि गोष्ट तिथेच संपते. पुढे कधीतरी गाळण्याचा, स्फटिक करण्याचा प्रयोग घेशील, हात भरून येतील, तेव्हा सांग की टनावारी खनिज उकळून, ढवळून तिच्या हाती जेमतेम एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड आलं होतं.

आणि हो, एक उंच आणि एक बुटकी मेणबत्ती पेटवून मोठ्या बरणीखाली झाक. आधी कोणती विझेल यावर मुलांची मतं घे, फळ्यावर लिही, मगच बरणी ठेव. उत्तर मी सांगत नाही. आधी तुझा अंदाज कळव, मग वर्गाचा.

तुझा,
जुना बाकमित्र