वेदीपुढचा भोपळा

डिडकॉट, इंग्लंड
५ ऑक्टोबर

प्रिय पप्पा आणि आई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी खुशाल आहे. इथे थंडी पडायला लागली आहे, पण आईनं दिलेली गोधडी अजून बॅगेतून काढलेली नाही. एवढा रोज फोन होतो तरी हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पप्पा, फोनवर तुम्ही "जेवलीस का, ड्युटी किती वाजता" एवढं विचारता आणि फोन आईकडे देता. मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही. आई, तू हे आधी वाचलंस तरी चालेल, पण पप्पांच्या हातात पूर्ण पत्र दे, मधलं पान काढून ठेवू नकोस.

गेल्या महिन्यात वॉर्डात एक गोष्ट घडली. आमचा वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. एका आजींचा इनटेक-आउटपुट चार्ट दुपारी दोनपासून कोरा होता. पाणी किती प्यायल्या, लघवी किती झाली, काहीच लिहिलेलं नाही. त्या वयात अंगातलं पाणी कमी झालं की माणूस भ्रमल्यासारखं बोलायला लागतं, मूत्रपिंडावर ताण येतो. त्यामुळे आमच्या दृष्टीनं तो नुसता कागद नसतो. ज्या हेल्थकेअर असिस्टंटकडे ते काम होतं, तिला मी हँडओव्हरच्या वेळी सगळ्यांसमोर बोलले. आवाज चढवला नाही, एकही वाईट शब्द नाही. फक्त विचारलं, "चार तास तुम्ही काय करत होता?" ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे. तिनं काहीच उत्तर दिलं नाही. हातातले मोजे काढून टाकले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागली. खूप वेळ धूत राहिली.

माझं चुकलं नव्हतं, पप्पा. हे मी मुद्दाम लिहितेय. चार्ट खरंच कोरा होता. नंतर कळलं की दुपारभर ती शेजारच्या खोलीत एका शेवटच्या घटका मोजणाऱ्या बाबांचा हात धरून बसली होती, कारण त्यांची मुलगी अजून वाटेत होती. तरी चार्ट भरायला हवा होता, किंवा कुणाला तरी सांगायला हवं होतं. माझ्या मनात तिच्याविषयी राग नव्हता. मी घरी आले, जेवले, प्रार्थना केली आणि गाढ झोपले.

त्यानंतरच्या रविवारी इथल्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. आपल्याकडच्यासारखाच, पण वेगळा. खिडक्यांच्या कट्ट्यांवर लोकांनी डबाबंद वाटाणे, शेवयांची पाकिटं, चहाचे पुडे मांडून ठेवले होते. ते सगळं नंतर फूड बँकेत जातं, गरजू घरांसाठी. मध्ये गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा एक भलामोठा पाव होता, प्रत्येक लोंबी वेगळी दिसेल असा भाजलेला. मला आपलं देऊळ आठवलं. वेदीपुढे ज्वारीची कणसं, उसाच्या मोळ्या, पाय बांधलेली कोंबडी, तिच्या ओरडण्यानं पाळकसाहेबांना थांबावं लागायचं. आणि सगळ्यांत पुढे तुमचा लाल भोपळा. उपासनेनंतर लिलाव झाला की तुमच्या भोपळ्याला सगळ्यांत जास्त बोली लागायची आणि मी शब्बाथ शाळेच्या मुलींना सांगत सुटायची, तो आमचा.

त्या दिवशी भाकरी आणि द्राक्षारस वेदीपाशी नेण्याची पाळी माझी होती. इथे त्याच्या आधी सगळे एकमेकांचे हात हातात घेतात आणि "शांती असो" म्हणतात. आपल्याकडेही हे होतं, पण ते तिथेच, दान आणण्याच्या अगदी आधीच का असतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. इथल्या पाळकबाईंनी त्या दिवशी मत्तय ५ मधली तेवीस-चोवीसावी वचनं वाचली. तू आपलं दान वेदीजवळ आणलंस आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन दान दे.

हे वचन आपल्या घरात मी लहानपणापासून ऐकलंय. तरी त्यातला एक शब्द मला कधी ऐकूच आला नव्हता. मला नेहमी वाटायचं, प्रभू म्हणतो तुझ्या मनात राग असेल तर तो काढून टाक. तसं नाहीये, पप्पा. त्याच्या मनात काही असेल तर, असं आहे. माझं मन स्वच्छ आहे की नाही हा प्रश्नच नाही तिथे. माझं बरोबर होतं की चूक, हाही नाही. वेदीपाशी आलेल्यानं एवढंच आठवायचं, की माझ्यामुळे कुणाचं तरी मन दुखलेलं आहे का.

मला तिचे धुतले जाणारे हात दिसायला लागले. मी भाकरीची ताटली शेजारच्या आजोबांकडे दिली आणि त्यांना म्हटलं, आज तुम्ही न्याल का? त्यांनी काही विचारलं नाही, नेली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर ती एक पलंग आवरत होती. मी जाऊन म्हटलं, "चार्टचं मी बोलले ते बोलले, पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. मला माफ करा." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "बरं," म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक माझ्याकडे टाकलं. आम्ही दोघींनी मिळून तो पलंग केला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. चादरीचे कोपरे ती माझ्याहून सफाईनं दुमडते. अजूनही ती माझ्याशी मोकळी बोलत नाही. पण परवा एका पेशंटला उठवताना तिनं "सिस्टर, इकडे या" म्हणून मलाच हाक मारली.

शब्बाथ शाळेत आम्ही आत्म्याचं फळ बोटांवर मोजून पाठ करायचो, आठवतं? प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ झाली की एक बोट उरायचं. मी इतकी वर्षं त्या उरलेल्या बोटावर आणखी एक फळ मोजत आले, "माझं बरोबर असणं". पौलानं ते लिहिलेलंच नाही. आजी म्हणायची, स्वभावाला औषध नाही. मला आता वाटतं, औषध आहे, फक्त कडू आहे आणि रोज घ्यावं लागतं.

२९ सप्टेंबरला मला सुट्टी होती. मी बसनं वाँटेजला गेले. इथून जवळच आहे. तुम्हीच मला सांगितलं होतं की पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा तिथे झाला, २९ सप्टेंबर १८८३ ला, छोट्या मनोरमासकट. म्हणून तोच दिवस धरला. गाव लहान आहे. बाजारचौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, एका हातात परशू, दुसऱ्या हातात कागदाची गुंडाळी. तो १८७७ मध्ये बसवलेला, म्हणजे रमाबाईंनीही पाहिला असणार. नऊवारी नेसलेली, पंचविशीतली, विधवा बाई, कडेवर पोर. मी त्या चौकात बराच वेळ उभी राहिले. एवढ्या लांब, आपलं म्हणावं असं जवळजवळ कुणी नसताना, ती काय बळावर राहिली असेल!

रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला एका घरात नेलं. समाजानं वाईट म्हणून टाकून दिलेल्या बायकांना सिस्टर तिथे सांभाळत होत्या. अशा बायकांशी कुणी इतक्या मायेनं वागतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. असं का वागता, म्हणून विचारल्यावर त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई सांगितली गेली, लोक जिला कमी लेखायचे आणि प्रभू जिच्याशी विहिरीपाशी स्वतःहून बोलला ती. म्हणजे एवढी संस्कृत जाणणारी विदुषी, तिला आधी वागणं दिसलं आणि मग शास्त्र कळलं.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते दुसरंच. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई आणि त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रांतून जोरात वाद झाले. रमाबाईंनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्र्यैक्यावर प्रश्न विचारले, शाकाहार सोडला नाही, गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरंच कशाला, आपलं संस्कृत काय वाईट, असं विचारलं. जेराल्डिन दुखावल्या, रागावल्या. दोघींपैकी कुणीही मागे हटणारी नव्हती. तरी रमाबाई त्यांना "आजीबाई" म्हणूनच लिहीत राहिल्या, भारतात परतल्यावरही लिहीत राहिल्या. आणि जेराल्डिननी ती सगळी पत्रं, भांडणाचीसुद्धा, जपून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती वाचायला मिळतात. मतं जुळली नाहीत, पण पत्र थांबलं नाही.

पप्पा, आता तुम्ही ओळखलं असेल.

काकांशी बांधावरून झालेल्या भांडणाला सात वर्षं झाली. मोजणी झाली, हातभर जमीन तुमच्याच बाजूला निघाली. कडुलिंब तुमचा. कालव्याच्या आवर्तनाला त्या रात्री पाळी तुमची होती आणि मोटार काकांनी चालू केली, हेही खरं. मी एकाही गोष्टीत तुम्हाला खोटं पाडत नाहीये. तुमच्या मनात काकांविषयी वैर नाही, हे तुम्ही आईला कितीदा सांगितलंय आणि माझा त्यावर विश्वास आहे. तुम्ही रोज पहाटे कंदील लावावा तसं पवित्र शास्त्र उघडता, त्या उजेडात मी मोठी झाले. पण देवळात तुम्ही डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसता आणि काका उजवीकडच्या. शांतीच्या वेळी तुम्ही पाळकसाहेबांना हात देता, मागच्या बाकावरच्या लेकरांना देता आणि मधली वाट तुम्हा दोघांनाही ओलांडता येत नाही. मग दोघंही प्रभुभोजनाला त्याच कठड्यापाशी गुडघे टेकता. आणि तो भोपळा, जो मी आमचा म्हणून मिरवायची, त्याचा वेल त्याच बांधावर चढलेला असतो.

मी लेक आहे. बापाला शिकवायला निघाले असं वाटून घेऊ नका. मी स्वतःही काही निराळी नाही. तुमच्या भांडणात काकांच्या ताईचा काय संबंध होता? तरी मी तिच्याशी बोलणं टाकलं. आम्ही एका पांघरुणात झोपलेल्या बहिणी. तिच्या लग्नात मी मांडवाबाहेर उभी राहून परत आले. तिला बाळ झालं तेव्हा आईकडून कळलं, मी फोन केला नाही. माझ्या मनात काही नाही, असं मीही स्वतःला सांगत होते.

वाँटेजहून परत आले त्या रात्री मी काकांच्या घरी फोन लावला. माझा आवाज ऐकून काकू एक क्षण गप्पच झाल्या. मग एकदम विचारलं, "थंडी लई का गं तिकडं?" आणि रडायलाच लागल्या. मी ताईबद्दल, बाळाबद्दल विचारलं, माफी मागितली. ताईचा नंबर दिला त्यांनी. तिच्याशी मी दुसऱ्या दिवशी बोलले, ते वेगळं लिहीन, ते आमच्या दोघींचं आहे.

फोन ठेवता ठेवता काकूंनी तो काकांच्या हातात दिला. काका बोलेनात. मला नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि मागे गोठ्यातली साखळी. मी म्हटलं, काका, सलाम. "सलाम," म्हणाले. परत गप्प. मग बऱ्याच वेळानं विचारलं, "औंदा तुझ्या बापाचं भोपळं कसं आल्यात?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही, पप्पांना विचारून सांगते.

तर पप्पा, कसे आलेत?

तुमची लेक