दारू सुटल्यानंतरच्या वर्षांसाठी : सिस्टरबाईंना आभारपत्र

आदरणीय सिस्टरबाई यांना सविनय नमस्कार.

तुमचे आभार घरी येऊन मानू लागले की तुम्ही विषय बदलता आणि आईच्या रक्तदाबाची, नाहीतर भाचीच्या परीक्षेची चौकशी सुरू करता. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते उघडपणे लिहीत आहे. कारण तुम्ही आमच्यासाठी जे केले त्याची गरज या शहरातल्या कितीतरी घरांना आहे, आणि अशी मदत मागता येते हेच त्यांतल्या बहुतेकांना माहीत नाही. तुमचे किंवा दारूच्या आजारातून सावरत असलेल्या माझ्या धाकट्या भावाचे नाव मी यात घेतलेले नाही. मजकूर त्याला आधी वाचायला दिला होता. त्याने दोन वाक्ये खोडली, एक भरले आणि मगच संमती दिली.

वडोदऱ्यात दारूच्या आजाराबद्दल बोलणे का अवघड आहे, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. १९४९ सालचा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदाच येथे पुढे चालू राहिला, आणि परवान्याशिवाय दारू पिणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पुण्या-नाशिकचे आमचे नातेवाईक म्हणत, "तुमच्याकडे तर मिळतच नाही, मग हा पितो कुठून?" मिळते, हे येथे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. फोन केला की बुटलेगरचा माणूस गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो, आणि सलग सुट्ट्या आल्या की दमण, दीव किंवा अबूला कोण कशासाठी निघाले आहे हे कोणी कोणाला विचारत नाही. इतर राज्यांत कुटुंबे हा आजार लाजेपोटी लपवतात. आमच्याकडे लाजेला पोलिसांच्या धाकाची जोड असते. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात तर वडील हयात असेपर्यंत या गोष्टीला "पित्त" म्हटले जाई. त्याला पित्त झाले आहे, आज तो येणार नाही, असा निरोप त्याच्या कंपनीत मीच अनेकदा दिला आहे.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणातला एक आकडा तुम्ही मला एकदा सांगितला होता. दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे अशी माणसे देशात सुमारे ५ कोटी ७० लाख आहेत, आणि दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. माझा भाऊ त्या एकात गेला तो केवळ तुम्ही शेजारच्या इमारतीत राहायला होतात म्हणून.

एका आषाढी एकादशीला त्याने विठ्ठलापुढे शपथ घेतली आणि दारू एकदम बंद केली. घरात सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही आईचा रक्तदाब पाहायला आलात, तेव्हा तो घामाघूम होऊन कोपऱ्यात बसला होता आणि आम्ही ते उपवासाने झाले असे समजत होतो. तुम्ही त्याला दोन्ही हात समोर पसरायला सांगितले, बोटे फाकवायला लावली आणि आईच्या नोंदींचा कागद त्या हातांच्या पाठीवर ठेवला. कागद थडथडला आणि खाली पडला. मग तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "शेवटची किती वाजता घेतली?" किती घेतली, का घेतली, हे काहीही नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली तर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत भ्रम होऊन माणूस जिवाला मुकू शकतो, हे तुम्ही रिक्षात बसल्यावर सांगितलेत. कारण त्याआधी आम्हाला सांगत बसायला वेळ नव्हता. वॉर्डातल्या डॉक्टरांना तुम्ही शेवटच्या पेल्याची वेळ आणि रोजचे प्रमाण नेमके सांगितलेत, आणि ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन द्यायला हवे याची आठवण अतिशय अदबीने करून दिलीत. त्या रात्री भाऊ चादरीवरच्या, आम्हाला न दिसणाऱ्या मुंग्या झटकत होता. नवस आणि शपथ यांवर माझी श्रद्धा आजही आहे, परंतु दारू थांबवण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, हे कोणत्याही शपथेच्या आधी सांगितले गेले पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

तो घरी आल्यावर नातेवाइकांचे उपाय सुरू झाले. एका नातलग बाईंनी एक भुकटी आणली. वरणात कालवायची, त्याला कळू द्यायचे नाही, दारूची आपोआप शिसारी बसेल. तुम्ही ती पुडी हातात घेऊन शांतपणे विचारलेत की यात काय आहे हे कोणाला माहीत आहे का, आणि कोणालाच माहीत नव्हते. अशा पुड्यांत पुष्कळदा डायसल्फिराम असते, हे तुमच्याकडून कळले. ते औषध पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. पुढे डॉक्टरांनी तेच औषध सुचवले, तेव्हा तुम्ही भावाला समोर बसवून प्रत्येक गोष्ट समजावलीत आणि घ्यायचे की नाही हे ठरवायला दोन दिवस दिलेत. मग तुम्ही आमचे औषधांचे कपाट उपसलेत. खोकल्याच्या औषधाची बाटली बाजूला काढलीत, दाढीनंतरचे लोशन काढलेत, आणि आईने त्याला अंगात ताकद यावी म्हणून आणलेले द्राक्षासवही काढलेत. आसवे आणि अरिष्टे आंबवून केलेली असल्याने त्यांत अल्कोहोल तयार होते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. औषध बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम शरीरात राहू शकतो, हे तुम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवलेत, आणि त्याखाली १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक. तो कागद अजून तेथेच आहे.

येथपर्यंतचे उपकार एखादी कर्तव्यदक्ष परिचारिका करील, असे कोणी म्हणेल. माझे खरे आभार आहेत ते त्यानंतरच्या वर्षांसाठी. रुग्णालयात असताना विचारपूस करणारे पुष्कळ असतात. तीन महिन्यांनी, जेव्हा दारू नसते पण झोपही नसते, माणूस कशानेही चिडतो आणि संध्याकाळी सात वाजता घरात नुसता येरझाऱ्या घालतो, तेव्हा कोणी येत नाही. तेव्हा तुम्ही येत होतात. झोपेची घडी बसायला कित्येक महिने लागतात, मेंदूला वर्षानुवर्षांच्या सवयीतून सावरायला वेळ लागतो, याला कोडगेपणा समजू नका, असे तुम्ही सांगितले नसते तर आम्ही त्याला नक्कीच कृतघ्न ठरवले असते. संध्याकाळच्या त्या वेळेला त्याने आधी पोटभर खावे, असा तुमचा आग्रह होता. उपाशीपण, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींत माणूस लवकर घसरतो, म्हणून सहा वाजता त्याच्यापुढे गरम थालीपीठ किंवा उपमा यायचाच. एवढ्या मोठ्या आजारावर एवढा साधा उपाय मला सुरुवातीला पोरकट वाटला होता. तो लागू पडला.

दुसरी गोष्ट तुम्ही मला एकटीला जिन्यात थांबवून सांगितलीत. मी त्याच्या तोंडाचा वास घेत असे, खिसे तपासत असे, पाकिटातल्या नोटा मोजत असे. तुम्ही म्हणालात, "ताई, दारूबंदीचे पोलीस बाहेर पुष्कळ आहेत, घरात बहीण एकच आहे." येथला दारूबंदीचा कायदा माझ्या भावाला गुन्हेगार समजतो, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मात्र दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा मानसिक आजारांच्या व्याख्येत समावेश आहे, म्हणजे तो कायदा त्याला रुग्ण समजतो. घरातल्यांनी यांपैकी कोणत्या नजरेने त्याच्याकडे पाहायचे, हे ठरवण्याचा अधिकार आमचाच होता, आणि तुम्ही तो आमच्या हाती ठेवलात. त्याच वेळी त्याच्या वाटणीचे काम तुम्ही आम्हाला करू दिले नाहीत. कंपनीत खोटा निरोप द्यायचा नाही, त्याची उधारी आपण फेडायची नाही, तपासणीची तारीख त्याने स्वतः लक्षात ठेवायची. माझ्या वहिनी तेव्हा मुलीला घेऊन माहेरी गेल्या होत्या, आणि सगळे नातलग त्यांच्यावर परत येण्यासाठी दडपण आणत होते. तुम्ही ठामपणे सांगितलेत की तिचे परत येणे ही त्याच्या बरे होण्याची अट होता कामा नये आणि त्याचे बरे होणे ही तिच्यावरची सक्ती होता कामा नये. वहिनी परत आल्या त्या दीड वर्षाने, स्वतःच्या मनाने. त्या काळात तुम्ही त्यांना दर आठवड्याला फोन करीत होतात, हे मला फार उशिरा कळले.

माझ्यासाठी तुम्ही शनिवारची सभा शोधलीत. दारूग्रस्तांच्या घरच्यांसाठी अमेरिकेत १९५१ मध्ये अल-अनॉन ही संघटना सुरू झाली, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी वेगळे काम चालते, आणि त्याच धर्तीवर आपल्या शहरात काही बायका एकत्र बसतात, असे सांगून तुम्ही मला पहिल्यांदा हाताला धरून नेलेत. बोलणे गुजरातीत चालले होते, मी मराठीत बोलले, आणि कोणालाही काही अडचण आली नाही. हा आजार आपण निर्माण केलेला नाही, आपण त्याला काबूत ठेवू शकत नाही आणि तो आपण बराही करू शकत नाही, हे तेथे पहिल्याच दिवशी ऐकले. इतकी वर्षे घरात विचारला जाणारा प्रश्न "त्याचे कसे आहे?" हाच होता. "तुमचे कसे आहे?" हे मला त्या खोलीत प्रथम विचारले गेले, आणि उत्तर देता देता माझा आवाज फुटेना, तेव्हा एका बेनने मुकाट्याने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

उत्तरायणाबद्दल, म्हणजे येथे गच्च्यांवर पतंग उडवून साजऱ्या होणाऱ्या संक्रांतीबद्दल, लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. खोडलेल्या दोन वाक्यांच्या जागी भावाने जे वाक्य भरले ते असे : "दुसऱ्या वर्षी उत्तरायणला शेजारच्या गच्चीवर मी पुन्हा प्यालो आणि चार दिवस पीत राहिलो." घरात जणू सुतक आले. तुम्हाला फोन करायलाही आम्ही कचरत होतो. तुम्ही आलात आणि पुन्हा तोच प्रश्न, "शेवटची किती वाजता?" दारू वारंवार सुरू करून वारंवार अचानक थांबवली तर प्रत्येक वेळी झटक्यांचा धोका वाढत जातो, म्हणून या वेळीही घरच्या घरी थांबवू नका, असे सांगून तुम्ही आधी डॉक्टरांची वेळ घेतलीत. मग आईजवळ बसलात. उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात असे अमेरिकेतल्या अभ्यासांत आढळले आहे, रक्तदाब आणि दम्यातही आजार उलटण्याचे प्रमाण त्याहून कमी नाही, आणि तुमचा रक्तदाब वाढतो तेव्हा आम्ही तुम्हाला नालायक म्हणतो का, असे तुम्ही आईला विचारलेत. त्या दिवसानंतर तिने त्याला टाकून बोललेले मी ऐकले नाही. पुढच्या उत्तरायणची योजना मात्र तुम्ही त्याच्याकडूनच लिहून घेतलीत. उंधियो-जिलेबी घरात, गच्चीवर जायचे नाही, आणि दिवसभर मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांच्या उपचार छावणीत काम. गेली काही वर्षे तो त्या दिवशी तेथेच असतो. कबुतराचा पंख कसा धरायचा हे तो आता भाचीच्या मैत्रिणींना शिकवतो.

आज त्याचे डायसल्फिराम डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाले आहे, यकृताच्या तपासण्या ठीक आहेत, आणि तो अजूनही दारू सोडलेल्यांच्या सभेला जातो, कारण तुम्ही त्याला कधीच "आता तू बरा झालास" असे म्हटले नाही. मी शनिवारी नव्याने येणाऱ्या बायकांजवळ बसते. तुम्ही मला दिलेल्या सूचना एका वहीत उतरवल्या आहेत, त्या त्यांना द्यायला तुमची परवानगी हवी आहे. काही चुकले असेल तर लाल शाईने दुरुस्त करून द्यावे.

आणि एक विनंती आहे, ती नाकारू नये. पुढच्या महिन्यात तुमच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे आणि तुमचा मुलगा परदेशातून लगेच येऊ शकत नाही, हे आईला कळले आहे. रुग्णालयात रात्री तुमच्याजवळ मी राहीन. वहिनी डबा आणतील. औषधे आणणे, कागदपत्रे, बिलांची खिडकी आणि रिक्षा ही कामे भावाने स्वतःकडे घेतली आहेत. त्याने तशी रजा आधीच टाकली आहे आणि मंजूरही करून घेतली आहे.

आपली कृतज्ञ,
दांडिया बाजारातील एक मोठी बहीण
वडोदरा