बियाण्याबद्दल, पेरणीच्या आधी वाचा
राम राम मंडळी, मृग तोंडावर आलाय म्हणून सांगतो, बिनलेबल पाकिटातलं 'तणनाशक मारलं तरी जळत नाही' असलं सोयाबीन बी कुणी देत असंल तर घेऊ नका. असलं बी म्हंजे जीएम, म्हंजे जनुकं बदललेलं; आपल्याकडं जीएम म्हणून लागवडीला परवानगी फक्त कपाशीला, अन् आपली सोयापेंड युरोपात खपते ती नॉन-जीएम म्हणूनच. कॅनडात ट्रिफिड नावाचं जवसाचं जीएम वाण २००१ लाच बंद केलेलं, तरी २००९ मधी युरोपात गेलेल्या मालात त्याचे अंश सापडले अन् तिथली खरेदी ठप्प झाली, ज्यांनी ते कधी पेरलंच नव्हतं त्यांचाबी माल अडकला. घरचं बी असंल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा, ७० उगवले की बिनधास्त पेरा. विकतचं असंल तर पावती अन् टॅग जपा (मागच्या साली निम्म्यांनी चुलीत घातले!), माल घालताना आम्ही त्यावरचा लॉट नंबर विचारणार हाव.