पातेऱ्यात हात घालतेस म्हणून

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगितलेस की गोचीड चावून मांडीवर लाल वर्तुळ उठले होते आणि डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले आहे. आईच्या ते नीट लक्षात आले नाही. माझ्या आले, आणि रात्रभर डोळा लागला नाही. या पत्रात तो विषय काढायचा नाही, असे ठरवून लिहायला बसलो आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्ट या संशोधनाच्या जंगलातील तुझे फोटो पुन्हा पुन्हा पाहतो. १९९१ पासून तिथे जमिनीखाली तारा पुरून माती ५ अंशांनी उबदार ठेवली आहे, हे तू सांगितल्यापासून मी भेटेल त्याला सांगत असतो. जाळीच्या पिशवीत पाने तोलून ठेवायची आणि काही महिन्यांनी किती उरली ते पुन्हा तोलायचे, एवढ्या साध्या कामातून शुगर मेपलचे पान लवकर आणि बीचचे इतके सावकाश का कुजते, हे कळते. बीचच्या पानात लिग्निन हा चिवट घटक जास्त असतो, आणि तो फोडणे बुरशीखेरीज फारशा कोणाला जमत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पान बघता बघता कुजते, तिथे मात्र वर यंदाचे अख्खे पान, खाली शिरांची जाळी आणि त्याखाली काळी माती, असे वर्षांचे थर साठत जातात. पण ज्या ओलाव्यावर ती बुरशी जगते, त्याच ओलाव्यावर गोचीडही तग धरते, आणि तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते. म्हणजे मी पुन्हा तिथेच आलो.

अण्णा पातेरा गोळा करून अर्धा गोठ्यात अंथरत आणि अर्धा राब भाजायला ठेवत. सहा वर्षांची असताना तू त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून वाणी किडे मोजत बसली होतीस. फुरसे असेल म्हणून अण्णा ओरडले, आणि मी मात्र काठीने ढीग चाळून दिला आणि तुला मोजू दिले. त्याबद्दल अण्णा कित्येक दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तुझ्या या कामाचा आरंभ मी त्या दुपारी पाहिला असे मला वाटते, आणि भीती वाटते तीही त्यामुळेच, कारण आता काठी घेऊन पुढे उभे राहायला मी तिथे नाही.

तरीही सांगतो. विजार मोज्यात खोचावी, कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारलेले असावे, परतल्यावर कपडे आधी गरम ड्रायरमध्ये टाकावेत, आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांत रोज तपासावे, कारण चिकटलेली गोचीड २४ तासांच्या आत काढली तर गोचिडीतून होणाऱ्या लाइम या आजाराचा धोका पुष्कळ कमी होतो. हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. वर्गात शिकवल्यासारखे लिहिले गेले, क्षमा कर.

थंडी पडली की गोचिडी संपतात असे मात्र समजू नकोस. बर्फ वितळून ऊब आली की मोठ्या गोचिडी पुन्हा हिंडतात. मेतकूट आणि कोकम पाठवले आहे. गोळ्या ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घे, आणि वर्तुळ फिकट झाले का ते आईला न सांगता मला कळव.

तुझा,
बाबा