नाव माहीत नसलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार

आमच्या पाच महिन्यांच्या लेकीला ब्रॉन्किओलायटिस (फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना सूज येण्याचा आजार) झाला, तेव्हा तिला ज्यांनी सांभाळलं त्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

ओपीडीच्या रांगेतल्या आजी, प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय हे तुम्ही पाहिलंत आणि आपला नंबर आम्हाला दिलात. हे उपकार कसे फेडायचे?

रात्रपाळीच्या सिस्टर, तुम्ही नाकात सलाइनचे थेंब टाकून चिकट शेंबूड सक्शनने अलगद काढायचात, मगच दूध पाजू द्यायचात. थोडं थोडं, पण वरचेवर. नाक मोकळं झालं की ती लगेच चोखायला लागायची! हे आणि ऑक्सिजन, हाच तर खरा उपचार होता.

अँटिबायोटिक का नको, हे तरुण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आजार विषाणूचा, बहुतेकदा आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचा. बारीक श्वासनलिका सुजतात, स्रावाने तुंबतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास वाढू शकतो, हेही त्यांनी आधीच सांगितलं. त्यामुळे तो वाढला तेव्हा आमचा धीर सुटला नाही.

लेक आता पोटभर पिते. खोकला रेंगाळलाय. तुमच्यापैकी कुणी हे वाचलंत तर जरूर कळवा, तिला घेऊन भेटायला येऊ.